थेटरात बुडोकान, आणि साडेचारवर अडकलेला आवाज

जालन्यात माझा साउंडचा धंदा आहे. सप्ता, लग्न, गणपती, बावीस वर्षं झाली. पोरगी संभाजीनगरला इंजिनिअरिंगला, जपानी रॉकची वेडी. टोकियोच्या बुडोकानमधला कार्यक्रम मल्टिप्लेक्समध्ये थेट दाखवणार म्हणून तिनं दोन तिकिटं काढली, सातशेला एक. "पप्पा, ड्रम ऐकायला तरी चला." रविवारी सकाळच्या एसटीनं गेलो.

जपानचं घड्याळ आपल्यापुढं साडेतीन तास. तिथं संध्याकाळचे सहा, इथं दुपारचे अडीच. बाहेर मे महिन्याचं ऊन, आत पडद्यावर अष्टकोनी हॉल माणसांनी भरत होता. 1964 च्या ऑलिंपिकमधल्या जुदोसाठी बांधलेला हा हॉल. 1966 मध्ये बीटल्स इथंच वाजवून गेले. अशा जागेचा आवाज लोक कसा पकडतात, हे बघायचं होतं मला.

पहिली दोन गाणी आवाज मेलेला. कान लावून बसलो. गायकाचा आवाज मधून स्वच्छ येत होता, बास गिटार खाली नीट बसलेली. म्हणजे तिकडून चांगलं येत होतं, दाबलं होतं इकडं. बाहेर जाऊन मॅनेजरला विचारलं. प्रोसेसर, म्हणजे थेटरचा आवाज कमीजास्त करायचं यंत्र, साडेचारवर! सिनेमाच्या डॉल्बी यंत्रणेत 7 हा ठरलेला आकडा, सिनेमाचं मिक्सिंग त्याच पातळीला करतात. लोक मोठ्या आवाजाची तक्रार करतात म्हणून रोज कमीच ठेवतो, म्हणाला. "भाऊ, हे रॉक आहे. सहापर्यंत तरी न्या." त्यानं नेला. त्या पोराचे मनापासून आभार.

तिसऱ्या गाण्याला किक ड्रम, म्हणजे पायानं वाजवायचा मोठा ड्रम, छातीत बसला. वरातीतला बेस नुसता खिडक्या हलवतो. इथं ठोका न ठोका सुटा. ड्रमरचे दोन्ही पाय पेडलवर पळत होते तरी एकेक मोजता येत होता. पडद्याला बारीक भोकं असतात, मुख्य स्पीकर त्याच्या मागं. त्यामुळं आवाज वाजवणाऱ्याच्या हातातूनच निघाल्यासारखा वाटतो. टाळ्या मात्र आपल्या पाठीमागून येतात, जणू आपण त्या गर्दीतच बसलोय. पोरगी उठून उभी राहिली. पुढच्या रांगेत परभणीहून आलेली चार पोरं होती, तीही उठली. कोणी कोणाला बसा म्हटलं नाही.

गाण्यांच्या मधे गायक बराच वेळ बोलायचा आणि खाली अक्षरं नव्हती. पोरगी थोडं जपानी शिकलीय, ती कानात सांगायची: "आज ड्रमरची आई आलीय म्हणतोय."

एक गोष्ट फार लागली. थेट कार्यक्रमाला कुठलं आलंय मध्यंतर? तरी तासाभरानं सवयीनं दिवे लावले, पॉपकॉर्नवाला आत आला. तिकडं गायक एकटा पियानोवर, आणि पोरगी दोन महिने वाट पाहत होती ते नेमकं हेच गाणं. दिवे बंद होईपर्यंत ते अर्धं संपलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. थेटरवाल्यांनी हे आधी बघायला पाहिजे होतं.

जायचं असेल तर मधल्यापेक्षा थोडं मागं, पण अगदी मधोमध बसा, आणि सुरू व्हायच्या आधीच आवाजाचं बोलून घ्या. पुढच्या वेळी मी तेच करणार.

कॅमेरा ड्रमजवळ गेला तेव्हा बघितलं, स्नेअरला, म्हणजे ड्रमरच्या पुढ्यातल्या छोट्या ड्रमला, वरून एक आणि खालून एक माइक होता. मी आजवर मृदंगाला मधोमध एकच देत आलो. श्रावणातल्या सप्त्यात दोन्ही तोंडांना वेगळे लावून बघणार आहे.