मेंदूचा काप की तबकडीतील मानवी चेतापेशी?

मेंदूविकारांत चेतापेशींचा परस्परसंवाद नेमका कुठे बिघडतो, यावर संशोधन करून पुढे तोच विषय शिकवू इच्छिणाऱ्याला सुरुवातीलाच ठरवावे लागते, की उंदराच्या मेंदूचे ताजे काप हाताळायचे, की रुग्णाच्या त्वचेपासून किंवा रक्तापासून घडवलेल्या चेतापेशी वाढवायच्या.

काप साधारण ३०० मायक्रोमीटर जाडीचा असतो आणि ऑक्सिजन सोडलेल्या कृत्रिम मस्तिष्कद्रवात काही तास जिवंत राहतो. त्याचे मोल असे, की हिप्पोकॅम्पसमधील (मेंदूतील स्मृतीशी निगडित भागातील) कितीतरी नैसर्गिक जोडण्या त्यात शाबूत असतात. नेहर आणि साकमान या शास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये मांडलेल्या, पेशीपटलातून वाहणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह मोजणाऱ्या पॅच क्लॅम्प तंत्रात काचेच्या नळीचे टोक पेशीपटलाला टेकवून हलकेच शोषण दिले, की संगणकाच्या पडद्यावरचा चौकोनी तरंग सपाट होतो आणि सील, म्हणजे नळी व पेशीपटल यांच्यातील घट्ट जोड, जमल्याचे कळते. यावर हात बसायला मात्र महिने जातात.

जपानी शास्त्रज्ञ यामानाका यांच्या २००६ च्या शोधानंतर प्रौढ पेशींना पुन्हा मूलपेशींच्या अवस्थेत नेता येऊ लागले. अशा पेशींपासून बनलेल्या चेतापेशींत रुग्णाचे स्वतःचे जनुक असते, पण त्या गर्भावस्थेतील पेशींसारख्या अपरिपक्व राहतात आणि वयाच्या बऱ्याच खुणा पुसल्या गेल्याने अल्झायमरसारख्या उतारवयातील विकारासाठी तोकड्या पडतात. शिवाय दोन व्यक्तींच्या पेशींत मुळातच फरक असल्यामुळे, त्याच रुग्णाच्या जनुकदुरुस्त पेशी तुलनेला नसतील, तर निष्कर्षावर फारसा भरवसा ठेवता येत नाही. (पोषक माध्यम रविवारीही बदलावे लागते, हे कोणी आधी सांगत नाही.)

फ्रॅजाइल एक्स या बौद्धिक वाढ खुंटवणाऱ्या जनुकीय विकारात दोन्ही पद्धतींची मर्यादा स्पष्ट दिसते. एफएमआर१ जनुक निकामी केलेल्या उंदरांच्या कापांत ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनाच्या एमग्लुआर५ ग्राहीमुळे (ते रसायन टिपणाऱ्या प्रथिनामुळे) सिनॅप्स, म्हणजे दोन चेतापेशींमधील जोडण्या, प्रमाणाबाहेर क्षीण होताना आढळले आणि ही ग्राही रोखल्यावर उंदरांमधील अनेक दोष सुधारले. माणसांवरील चाचण्यांत मात्र त्याच तत्त्वावरची औषधे अपेक्षित परिणाम दाखवू शकली नाहीत. मुळात माणसात हे जनुक तुटलेले नसते, तर सीजीजी या क्रमाची २०० हून अधिक पुनरावर्तने झाल्याने मूक, म्हणजे निष्क्रिय, होते. ते मूक कसे होते, हा प्रश्न मानवी पेशींनाच विचारावा लागतो. पण चेतापेशींच्या जोडण्यांचे बिघडलेले परिपथ पाहायचे, तर कापाला पर्याय नाही.

अध्यापनात माझा कौल निःसंशय कापाला आहे. १०० हर्ट्झचे विद्युतस्पंद दिल्यावर सिनॅप्सचा प्रतिसाद वाढलेला आणि तासभर टिकून राहिलेला विद्यार्थी एका दुपारी स्वतः पाहतो, तर पेशी तबकडीत परस्परांशी जोडल्या जायलाच कित्येक आठवडे लागतात. प्राणी वापरायचे नसतील, तर कॅल्शियमदर्शक रंगाने लुकलुकणाऱ्या पेशी दाखवता येतात, पण तेथे कोणती पेशी कोणाला काय सांगते हे उलगडणे कठीण जाते.

दोन्ही सोयी उपलब्ध असतील, तर पहिले वर्ष कापावर घालवावे, कारण तेथे कमावलेला पॅच क्लॅम्पचा हात पुढे मानवी पेशींवरही उपयोगी पडतो, तर पेशी वाढवण्याचे कौशल्य कापाच्या टेबलावर फारसे कामी येत नाही.