तेलवाल्या गरीब देशाला मदत: अट घालून की कायदा करायला हात देऊन?

गरीब देशात तेल लागलं की मदत देणाऱ्यांपुढे दोन रस्ते असतात. एक, सरळ अट घालायची की तेलाचा पैसा अमुक गोष्टींवर खर्च कराल तरच कर्ज मिळेल. दुसरा, कायदा त्यांचा त्यांना करू द्यायचा आणि आपण फक्त हिशेब, कर, गुंतवणूक यातली जाणकार माणसं पुरवायची. ठरवायचं असेल तर आधी मध्य आफ्रिकेतला चाड बघा, कारण पहिला रस्ता तिथे पार शेवटापर्यंत चालून झालाय.

2000 मध्ये वर्ल्ड बँकेने चाडच्या दक्षिणेतलं डोबाचं तेलक्षेत्र ते शेजारच्या कॅमेरूनचा किनारा अशा जवळपास 1,070 किमी पाइपलाइनला हात दिला, आणि त्याच्या आधीच 1999 मध्ये चाडने कायदा केला होता की रॉयल्टी न् डिव्हिडंडचे 10% पुढच्या पिढ्यांसाठी बाजूला, उरलेल्यातले 80% शिक्षण, आरोग्य, रस्ते असल्या कामांना, 5% डोबा भागाला, पैसा आधी लंडनच्या खात्यात आणि खर्चावर नजर ठेवायला समिती. कागदावर एकदम झकास. पण तेल कंपन्यांशी करारावर सह्या करताना मिळालेला 25 मिलियन डॉलरचा बोनस या कायद्यात बसतच नव्हता, आणि त्यातला काही पैसा शस्त्रांवर गेला. 2003 मध्ये तेल सुरू झालं, बंडखोर चालून यायला लागले, तसा राष्ट्राध्यक्ष असलेल्या इद्रिस देबींनी कायदाच बदलला, पिढ्यांचा फंड रद्द आणि सुरक्षा खर्च 'प्राधान्य' यादीत. बँकेने जानेवारी 2006 मध्ये कर्ज थांबवलं, खातं गोठवलं, मग जुलैमध्ये तडजोड झाली, आणि 2008 मध्ये चाडने उरलेलं कर्ज फेडलं न् बँक बाहेर. खरी गोम इथेच आहे, तेल वाहायच्या आधी बँकेचं वजन होतं, डॉलर यायला लागल्यावर तिची गरजच कोणाला?

शिवाय दुसरा सावकार उभा असतोच. अंगोलाला 2004 मध्ये चीनच्या एक्झिम बँकेने तेलाच्या भरवशावर 2 अब्ज डॉलर दिले, मग आयएमएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या, अटी कोण ऐकतं!

आता आग्नेय आशियातला तिमोर-लेस्ते. तिथे नॉर्वेच्या तज्ज्ञांची मदत घेऊन 2005 मध्ये पेट्रोलियम फंडाचा कायदा झाला: पैसा सगळा फंडात, बाहेर काढायचा तर संसदेच्या बजेटमधूनच, वर्षाला एकूण तेलसंपत्तीच्या साधारण 3% ही मर्यादा. सरकारांनी ती वारंवार ओलांडलीये हे खरं, पण दरवेळी संसदेत कारण द्यावं लागतं आणि आकडे लोकांसमोर येतात, आणि फंडात अजून 18 अब्ज डॉलरच्या आसपास आहेत. अर्थात देश छोटा, नवा, तेलावर बसलेले जुने सरदार नव्हते, त्यामुळे हे दुसरीकडे जसंच्या तसं जमेल असं मी म्हणणार नाही.

म्हणून माझं मत असं की तेल यायला अजून वेळ असेल आणि सगळे मोठे कर्जदाते एकत्र असतील तर अट घाला, आणि बोनस त्यातून सुटू देऊ नका. तेल सुरू झालं असेल तर अटीचा नाद सोडा, घानामध्ये 2011 च्या कायद्याने तेलाच्या पैशावर लक्ष ठेवणारी नागरिकांची समिती बनवलीये, तशा लोकांच्या पगाराला आणि ऑडिटला पैसे द्या.