इर्गॅनॉक्स बी २२५: पीपी ग्राइंडिंगसाठी पैसे वसूल, पण मोजून घाला

रनर (साच्याच्या वाटेत गोठलेलं प्लास्टिक) आणि रिजेक्ट दळून केलेलं ग्राइंडिंग दोन-तीनदा मशीनमधून फिरलं की पीपीचा (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचा) फ्लो चढतो, म्हणजे वितळलेला माल पातळ होतो, मोल्डला फ्लॅश (कडेला जादा पापुद्रा) येतो आणि माल वाकवला की तडकतो. अशा ठिकाणी इर्गॅनॉक्स बी २२५ ही बीएएसएफची पांढरी स्टॅबिलायझर पावडर (प्लास्टिकला उष्णतेत टिकवणारी) खरोखर काम करते. यात इर्गॅनॉक्स १०१० आणि इर्गाफॉस १६८ निम्मे-निम्मे असतात. मशीनच्या बॅरलमधल्या (गरम नळीतल्या) उष्णतेनं पीपीच्या रेणूंची साखळी तुटते आणि ऑक्सिजनमुळे ती आणखी तोडणारे हायड्रोपेरॉक्साइड तयार होतात. इर्गाफॉस हे फॉस्फाइट त्यांना निकामी करतं, पण ते करताना स्वतः खर्ची पडतं. म्हणून दर फेरीला थोडी भर घालावी लागते. १०१० हे अँटीऑक्सिडंट मात्र तयार मालातही पुढे उपयोगी पडतं.

डोस ०.१ ते ०.२ टक्के. १०० किलो ग्राइंडिंगला १५० ग्रॅमपासून सुरुवात करा. खरी अडचण मिसळण्याची आहे. कोरडी टाकली तर पावडर हॉपरच्या तळाशी बसते, मग काही दाण्यांना भरपूर, काहींना शून्य. आधी १०० मिली लिक्विड पॅराफिन टाकून मिक्सर पाच मिनिटं फिरवा, मग पावडर शिंपडा. तेल जास्त झालं तर स्क्रू माल ओढत नाही. रोजचं उत्पादन असेल तर सरळ मास्टरबॅच (पावडर आधीच मिसळलेले तयार दाणे) घ्यावा, तोच बरा.

फायदा झाला की नाही हे रंगावरून ठरवू नका. त्याच ग्राइंडिंगचे दोन लॉट एकाच तापमानाला काढा, एक पावडर घालून, एक न घालता. दोन्हींचा एमएफआय (मेल्ट फ्लो इंडेक्स, वितळलेला माल किती सहज वाहतो याचा आकडा) २३० अंश, २.१६ किलो वजनावर घ्या. पावडरवाल्याचा आकडा मूळ ग्राइंडिंगच्या जवळ राहिला तर डोस बरोबर. दोन्ही आकडे सारखेच चढले तर आधी मिक्सिंग आणि बॅरलचं तापमान तपासा, डोस नंतर वाढवा. जेवणाच्या सुट्टीत २४० अंशावर माल बॅरलमध्ये तसाच उभा ठेवला तर कुठलंच स्टॅबिलायझर फार काळ तग धरत नाही. हीटर खाली आणा, सुरू करताना पर्ज करा, म्हणजे आतला जुना माल बाहेर काढा.

तोटेही आहेत. तुटलेली साखळी ही पावडर जोडत नाही, त्यामुळे आधीच पार ठिसूळ झालेल्या मालावर पैसे घालवू नयेत. उन्हात राहणाऱ्या क्रेटला वेगळं यूव्ही स्टॅबिलायझर लागतंच. टाल्क (खनिजाची पूड) भरलेल्या मालात टाल्क अँटीऑक्सिडंट शोषून घेतं, तिथे नेहमीचा डोस कमी पडतो. पिशवी उघडी राहिली तर दमट हवेत फॉस्फाइटचं हळूहळू विघटन होतं, म्हणून पावसाळ्यात झाकण घट्ट हवं.

फक्त प्रोसेसिंग सांभाळायचं असेल तर बी २१५ बघा, त्यात इर्गाफॉस दोन भाग आणि १०१० एक भाग असतं. बादल्या, डबे, खुर्च्या अशा वर्षानुवर्षं वापरायच्या मालाला २२५ च घ्या. पीव्हीसीला यातलं काहीच नको, तिथे सुटणाऱ्या आम्लासाठी कॅल्शियम-झिंक किंवा टिनचा स्टॅबिलायझर लागतो.