सागाचा झोपाळा, आठ महिन्यांनी

गुढीपाडव्याला टांगलेल्या झोपाळ्याखाली गणपती गेल्यावर रोज सकाळी चिमूटभर पीठ दिसायला लागलं. मैद्यासारखं बारीक. आईला वाटलं रांगोळी सांडली. पाट उलटा केला तर खालच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं. मोजली, अकरा. सागाला!

लाकूड दिलेल्या दुकानदाराला फोन केला. "सागमां जीवात न पडे, साहेब." म्हणजे सागाला कीड लागत नाही. मग आमच्या फरशीवर पडतंय ते काय? तर म्हणे धूळ असेल. तीन फोन, दोन चकरा, वर पेट्रोल.

बाकी पाटाबद्दल तक्रार नाही. पाच बाय दोन फूट, दोन इंच जाड, वजन तिसेक किलो. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या ओसरीत पावसाची झड थेट आत येते, तरी ना फुगला ना वाकला. सुतार मात्र पाट करताना करवादला होता. सागात सिलिका असते, रंध्याचं पातं सारखं बोथट होतं. अंगचं तेल असल्यामुळे सरसही पटकन धरत नाही, म्हणून फळ्या रंधून लगेच जोडाव्या लागल्या.

शेवटी त्यालाच बोलावलं. त्यानं बोट ठेवून दाखवलं: अकराच्या अकरा भोकं एका फिकट पट्टीत. कीड, वाळवी सहसा जात नाही ती गाभ्याच्या तपकिरी लाकडात. त्याबाहेरच्या पांढुरक्या लाकडात स्टार्च असतो, भुंग्याची अळी त्यावरच जगते. लागवडीतली कोवळी झाडं तोडली की गाभा कमी आणि हे पांढरं जास्त. माझा साग घानाचा, वलसाडी सागापेक्षा घनफुटाला हजारभर रुपयांनी स्वस्त पडला म्हणून घेतलेला.

आणि ही पट्टी काढून टाका, असं सुतार पाडव्याआधीच म्हणाला होता. मीच म्हणालो, "पैसे मोजलेत, राहू दे, पॉलिशखाली कोण बघतंय?" त्यामुळे दुकानदारावरचा राग निम्मा उतरला. निम्माच. पांढऱ्याला त्यानं दर तपकिरीचा लावलाच ना!

दोन इंच कापले, त्या बाजूच्या दोन कड्यांची भोकं नव्यानं पाडली, मजुरी बाराशे. महिना झाला, खाली पीठ नाही. बावीस इंचांत आईची मांडी नीट मावते, माझा एक गुडघा बाहेर लोंबतो. कापलेली पट्टी पिशवीत गाठ मारून ठेवली आहे, दुकानदाराला दाखवायला. पिशवीत पीठ साचतंय, आणि ती घराबाहेर कधी जाणार हे बायको रोज विचारते.