ऑनलाइन समूहात लघुरूपे की प्रमाणलेखन?

समूहाचे नियम ठरवताना लघुरूपांना मुभा द्यावी की व्याकरणशुद्ध लेखनाचा आग्रह धरावा, असा पेच एका समूहचालकांनी मांडला आहे. वेगात लघुरूपे सरस असली, तरी १६० अक्षरांच्या एसएमएसने (देवनागरीत तर ७०च) लादलेली काटकसर आता उरलेली नाही. खरा फरक वाचणाऱ्याच्या बाजूला पडतो: लिहिणाऱ्याने वाचवलेले क्षण प्रत्येक वाचकाला अर्थ लावण्यात खर्चावे लागतात, नवख्यांना आणि ती भाषा परकी असलेल्यांना तर अधिकच, शिवाय मोडतोड केलेला शब्द पुढे शोधताना सहसा सापडत नाही. जवळीक मात्र लघुरूपांतच अधिक जाणवते. गप्पांत साधा पूर्णविरामही रुक्ष वाटू शकतो. म्हणून परिचितांच्या क्षणिक गप्पांना लघुरूपे पुरेत. उत्तरे जपून ठेवायची असतील, तिथे प्रमाणलेखनाचा नियम करावा, पण ऱ्हस्व-दीर्घावरून कोणाला टोकू नये.