प्रोबचं स्टराइल कव्हर: आयसीयूत आठ महिने वापरल्यानंतर

आठ महिन्यांपूर्वी आमच्या आयसीयूत सोनोग्राफीच्या प्रोबसाठी, म्हणजे मशीनच्या वायरला जोडलेल्या, अंगावर टेकवायच्या भागासाठी, लांब स्टराइल (जंतूविरहित) कव्हरची किट्स यायला लागली. त्याआधी सेंट्रल लाईन (मानेतल्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेत घालायची नळी) टाकताना आम्ही स्टराइल ग्लोव्हमध्ये प्रोब घालायचो. हातावरची साधी शीर शोधायची असेल तर प्रोबच्या तोंडाला पारदर्शक ड्रेसिंग चिकटवायचं. मी इथली सिस्टर इन्चार्ज. शीर सापडत नाही म्हणून बाकीचे वॉर्डही पेशंट आमच्याकडेच पाठवतात. मशीन एकच आहे, आणि दुसरं घ्यायचं तर पीसीपीएनडीटीची (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याची) नोंदणी आली. त्यामुळे एकच प्रोब दिवसभरात कितीतरी मानांना आणि दंडांना लागतो.

ग्लोव्ह मनगटापाशी संपतो, हीच त्याची मोठी खोट. पुढची वायर उघडी. ती कधी ट्रॉलीच्या चाकाजवळ लोळत असते, कधी बेडच्या रेलिंगला घासलेली असते, आणि डॉक्टरांनी प्रोब मानेकडे नेला की तीच वायर स्टराइल चादरीवरून फिरते. अमेरिकेत मिशिगनमधल्या आयसीयूंत डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच गोष्टी नेटाने पाळून सेंट्रल लाईनची इन्फेक्शन्स खूप खाली आणली, ते काम २००६ साली प्रसिद्ध झालं. आमच्या भिंतीवर त्याच पाच गोष्टी आहेत: हात धुणं, पेशंटला पूर्ण झाकणं आणि गाऊन-मास्क, क्लोरहेक्सिडिनने (जंतुनाशकाने) कातडी पुसणं, जांघेतली लाईन टाळणं, गरज संपली की लाईन काढणं. त्यात प्रोबचा उल्लेख नाही. मी खाली पेनाने सहावी ओळ लिहिली, ‘प्रोब, वायर, जेल’.

आता कव्हरबद्दल. ते वायरवर हातभर तरी पुढे जातं, आणि मला सगळ्यात समाधान याचंच आहे. घालायची पद्धत मात्र शिकावी लागते. आधी कव्हरच्या आत जेल. मी प्रोब तोंड वर करून धरते, डॉक्टर कव्हरमध्ये हात घालून आतूनच प्रोब पकडतात आणि कव्हर उलटवत खाली सोडतात. मग मी फक्त शेवटचं टोक धरून वायरवरून ओढून घेते. तोंडावरची सुरकुती बोटाने ताणायची आणि मग रबरबँड लावायचा. पहिल्या महिन्यात आमचं हमखास चुकायचं ते इथे: आत हवेचा बुडबुडा राहिला की स्क्रीनवर काळा पट्टा येतो आणि शीर नेमकी त्यामागे लपते. चिडून कव्हर काढून टाकावंसं वाटतं. काढू नका. बोटाने बुडबुडा कडेला सारला की चित्र स्वच्छ येतं.

जेलवर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. आमच्याकडे ५ लिटरचा कॅन यायचा आणि त्यातून २५० मिलीच्या बाटल्या भरल्या जायच्या. बाटली कधी पूर्ण रिकामी होत नसे, जुन्या जेलवरच नवं. नळी पेशंटच्या कातडीला टेकायची, तीच पुढच्याला. २०२१ मध्ये अमेरिकेत सोनोग्राफीच्या जेलमध्येच बर्कहोल्डेरिया हा जंतू सापडला आणि माल परत मागवावा लागला. म्हणजे बाटली सीलबंद असली तरी ‘स्टराइल’ हा शब्द तिच्यावर नसेल तर ते जेल सुईजवळ नको. आता किटमधलं पाकीट वापरतो, आत आणि बाहेर दोन्हीकडे. बाहेर जेल कमी पडलं तर स्टराइल सलाईनचे थेंबही चालतात. कॅन आम्ही आयसीयूतून बाहेर काढला.

किट आली आणि एक नवीनच वाईट सवय लागली: कव्हर आहे ना, मग प्रोब पुसला नाही तरी चालेल. दुसऱ्या महिन्यात मी उजेडात प्रोब तिरपा धरून बघितला. लेन्सचं रबर आणि प्लॅस्टिकचा भाग जुळतो तिथल्या खाचेत वाळलेलं जेल पिवळट पापुद्र्यासारखं बसलं होतं, आणि वायरच्या मुळाशी रक्ताचा तपकिरी ठिपका. त्या दिवशी मला झोप लागली नाही. कव्हर सुईने फाटू शकतं, डोळ्याला दिसणार नाही इतकं बारीक छिद्रही असू शकतं. म्हणून कव्हर घालायच्या आधी आणि काढल्यावर, दोन्ही वेळा पुसायचं: आधी जेल पूर्ण निपटायचं, मग प्रोबच्या कंपनीला चालणारा वाइप, आणि पाकिटावर लिहिलेला वेळ प्रोब ओला राहिला पाहिजे. स्पिरिटने पुसू नका, बऱ्याच प्रोबच्या लेन्सला ते मानवत नाही. कव्हर फाटलेलं दिसलं किंवा रक्त आत गेलं तर नुसत्या वाइपवर भागवत नाही. मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या रेषेपर्यंतच हाय लेव्हल डिसइन्फेक्शन (वाइपपेक्षा कडक निर्जंतुकीकरण) करतो.

तक्रारीही आहेत. एका लॉटमध्ये रबरबँड इतके सैल होते की कव्हर निम्म्यात घसरलं. काही कव्हर लेटेक्सची येतात, ऑर्डर देताना विचारून घ्या. किट ग्लोव्हपेक्षा बरीच महाग पडते, आणि महात्मा फुले योजनेतल्या पेशंटचं पॅकेज ठरलेलं असल्याने तो खर्च हॉस्पिटललाच सोसावा लागतो. त्यासाठी मला दोनदा मीटिंगमध्ये भांडावं लागलं. शेवटी ठरलं ते असं: सेंट्रल लाईन आणि पिक लाईनला (दंडातून छातीतल्या मोठ्या शिरेपर्यंत जाणाऱ्या नळीला) लांब कव्हर, यात तडजोड नाही. साध्या आयव्हीला छोटं कव्हर आणि स्टराइल जेल. प्रोबवर ड्रेसिंग चिकटवणं बंद, कारण काढताना त्याचा चिकटा लेन्सवर राहायचा.

केमो झालेल्या एक काकू आमच्याकडे येतात. दोन्ही हातांच्या शिरा दोरीसारख्या कडक झालेल्या. परवा त्यांना दंडात आयव्ही लावली. पहिल्याच टोचण्यात मिळाली, पण ड्रेसिंग टिकेना. लक्षात आलं, भोवती जेलचा थर राहिला होता. कोरड्या स्टराइल गॉजने टिपलं, क्लोरहेक्सिडिन पुन्हा लावून पूर्ण वाळू दिलं, मग फिल्म बसली. तेव्हापासून प्रत्येक किटसोबत गॉजचं एक जादा पाकीट ट्रेमध्ये ठेवते.

पुढच्या ऑर्डरमध्ये लांब कव्हर तीच मागवली आहेत, रबरबँड मात्र नमुना हातात ताणून बघितल्यावरच.