पोकर टूर्नामेंट: घरून की हॉटेलच्या रूमवरून?

ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं पैशांचा ऑनलाइन पोकर बंद झाला, तेव्हापासून आमचा ग्रुप फुकटच्या चिप्सवर खेळतो, पण टूर्नामेंट तीच, ब्लाइंड्स (पत्ते वाटण्याआधीच आळीपाळीनं टाकाव्या लागणाऱ्या सक्तीच्या चिप्स) तसेच वाढत जातात आणि तीन-चार तास ठिय्या मारून बसावंच लागतं.

घरी कोथरूडला नेट पक्कं, मोठी स्क्रीन, इन्व्हर्टर. पण रविवारी संध्याकाळी पाहुणे येतात, कुकर शिट्ट्या देतो, आई दोनदा जेवायला हाक मारते आणि नेमकं तेव्हाच हातात राजांची जोडी असते.

म्हणून मागच्या महिन्यात स्टेशनजवळ एका हॉटेलात रूम घेतली. शांतता एवढी भारी की समोरचा किती वेळ घेऊन बेट करतोय हेसुद्धा नीट लक्षात येत होतं, हे घरी मला कधीच जमलं नव्हतं. पण वायफाय मधेच परत लॉगिन मागायला लागलं. आणि सर्व्हर कुणासाठी थांबत नाही हो, वेळ संपली की पत्ते फोल्ड, म्हणजे तो डाव सोडल्यात जमा, ब्लाइंड कापला जातोच. माझ्याकडे १५ बिग (मोठे) ब्लाइंड भरतील एवढ्याच चिप्स उरलेल्या, टेबलाच्या एका फेरीत स्मॉल (छोट्या) ब्लाइंडचा अर्धा, बिगचा एक आणि अँटी या आणखी एका सक्तीच्या भरण्याचा एक असे अडीच जातात, म्हणजे दोन फेऱ्यांत एक तृतीयांश स्टॅक (जवळच्या सगळ्या चिप्स) न खेळताच गेला, फार वाईट वाटलं.

तरी मी परत हॉटेलच घेईन, फक्त फोनचा हॉटस्पॉट आधीच जोडून ठेवीन आणि चार्जर विसरणार नाही. छोटी, तासाभरात संपणारी टूर्नामेंट असेल तर मात्र घरूनच.